हळदीचा पुरावा



हिंगोली जिल्ह्यातील माणसाला हळदीविषयी चार गोष्टी सांगायला बसणे म्हणजे काशीत राहणाऱ्याला गंगेची माहिती देण्यासारखे आहे. फेब्रुवारी-मार्च महिन्यांत वसमत, औंढा, कळमनुरी, सेनगाव अशा कोणत्याही रस्त्याने जा. शिजत्या हळदीचा तो उग्र, मातकट वास आधी येतो आणि गाव मागाहून दिसते. शेताच्या कडेला, अंगणात, शाळेच्या मोकळ्या पटांगणापर्यंत हळद वाळत घातलेली असते. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हंगामात पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि लिलावाच्या दिवशी गाड्यांच्या रांगा रस्त्यावर येतात. ज्या वस्तूने हात पिवळे झाल्याशिवाय आपल्या घरातील एक दिवस जात नाही, तिच्याविषयी नवीन ते काय सांगणार, असे आपल्याला वाटले तर त्यात नवल नाही.

तरीही एक प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. जखमेवर हळद लावतात, हे आपल्याला कोणी शिकवले? आईने, आजीने, दादीने, असेच आपण म्हणाल. आता समजा, सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या कचेरीतील अधिकाऱ्याने आपल्याला सांगितले की, आजीचे सांगणे आम्ही मानत नाही, कागद दाखवा. तर आपण कोणता कागद दाखवाल? हा प्रश्न कल्पनेतला नाही. १९९६ साली तो आपल्या देशाला खरोखरच विचारला गेला, आणि त्याचे उत्तर ज्या कागदांनी दिले त्यांत उर्दू कागदही होते. ती हकीकत आपल्या घरातील लहानथोरांना माहीत असावी, म्हणून हा लेख. पण ती कळण्यासाठी थोडे मागे जाणे भाग आहे.

प्रथम या झाडाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्या. हळदीला कामाचे बी धरत नाही. तिला फुले येतात, देखणी असतात, परंतु त्यांतून उगवून येईल असे बी मिळत नाही. म्हणून ती लावायची तर तिचा कंदच जमिनीत पुरावा लागतो. आपले शेतकरी जेठे गड्डे आणि बगल गड्डे निवडून ठेवतात आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास किंवा त्यानंतर लावणीला लागतात, ते याच कारणाने. याचा अर्थ फार मोठा आहे. वाऱ्याने, पाखराने किंवा पुराने हळद एका देशातून दुसऱ्या देशात गेलेली नाही. जगात जेथे जेथे हळदीचे शेत आहे तेथे कधी ना कधी कोणीतरी माणूस तिचा गड्डा हातात घेऊन गेला आहे. आज वसमतच्या शेतात उभी असलेली हळद ही अशा हजारो वर्षांच्या हातांची साखळी आहे.

ही साखळी किती लांब आहे? हरियाणात फर्माना नावाचे हडप्पाकालीन गाव उकरण्यात आले. तेथे सापडलेल्या भांड्यांना आणि माणसांच्या दातांना चिकटून राहिलेले सूक्ष्म कण तपासले, तेव्हा हळद आणि आले यांचे अंश मिळाले. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी आपल्या भूमीत हळद घातलेले कालवण शिजत होते. याहून आश्चर्याची बातमी २०२० साली प्रसिद्ध झाली. इस्राएलमधील मेगिद्दो या प्राचीन नगरातील सांगाड्यांच्या दातांवरील कीट तपासताना सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दातांत हळदीचे आणि सोयाबीनचे अंश सापडले. हळद आणि सोयाबीन! जणू हिंगोलीच्या बाजार समितीतूनच माल गेला होता. अर्थात सोयाबीन त्या काळी आपल्याकडे नव्हते, ते पूर्वेकडून गेले असणार, हा भाग वेगळा.

नावांची कथाही ऐकण्यासारखी आहे. संस्कृतात हरिद्रा, त्यावरून आपली हळद आणि हिंदी-उर्दूतील हल्दी. फारसीत तिला ज़र्दचोब म्हणतात. ज़र्द म्हणजे पिवळे आणि चोब म्हणजे लाकूड. युनानी औषधांच्या ग्रंथांत ती याच नावाने भेटते. अरबीत कुर्कुम. हा शब्द मुळात केशराला लावीत, पुढे तो या स्वस्त पिवळ्या मुळीलाही लागला. अरबांच्या ग्रंथांतून तो युरोपात गेला आणि स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ साली हळदीचे शास्त्रीय नाव ठरवले तेव्हा त्याने तोच शब्द उचलला : कुर्कुमा लाँगा. विद्यार्थी मित्रहो, जीवशास्त्राच्या पुस्तकात हे नाव लॅटिन म्हणून छापलेले असते. त्याच्या पोटात अरबी शब्द आहे हे लक्षात ठेवा. हळदीतील पिवळ्या द्रव्याला आज जग कुरकुमिन म्हणते, तेही त्यावरूनच.

चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत हरिद्रा आहे. अंदलुसात जन्मलेल्या इब्न अल-बैतार या औषधशास्त्रज्ञाच्या तेराव्या शतकातील मोठ्या कोशात कुर्कुम आहे. १५६३ साली गोव्यात गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने हिंदी औषधींवर संवादरूपाने एक ग्रंथ छापला. त्यात त्याने हळदीला ‘हिंदी केशर’ म्हणून एक स्वतंत्र संवाद दिला. हा ऑर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून जात असे आणि तेथील हकिमांशी त्याची चर्चा होई. युरोपच्या वैद्यकाला दख्खनच्या वनस्पतींची जी पहिली नीट ओळख झाली, तिच्यात अहमदनगरच्या हकिमांचाही वाटा होता, ही गोष्ट आपल्या शालेय इतिहासात फारशी येत नाही. पुढे अठराव्या शतकात मीर मुहम्मद हुसैन अकीली यांनी फारसीत ‘मख़्ज़न-उल-अदविया’ हा औषधांचा कोश रचला, आणि विसाव्या शतकात रामपूरच्या हकीम नजमुल गनी यांनी उर्दूत ‘ख़ज़ाइन-उल-अदविया’ हा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. हकीमसाहेबांच्या दवाखान्यात मागच्या फळीवर धूळ खात असलेली जाडजूड पुस्तके आपल्यापैकी काहींनी पाहिली असतील. ती याच कुळातली.

येथे आपल्या जिल्ह्याचा संबंध कसा येतो ते सांगितले पाहिजे. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्यापूर्वी तो परभणीचा भाग होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. या संस्थानात १८८० नंतरच्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही कारभाराची भाषा झाली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्यात वैद्यक आणि विज्ञानसुद्धा उर्दूतून शिकवले जाई. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ या नावाचे भाषांतराचे खास खाते होते. सरकारी खर्चाने युनानी दवाखाने चालत. राज्यकारभाराविषयी कोणाचे काहीही मत असो, आणि रझाकारांच्या काळाच्या कटू आठवणी मराठवाड्याने विसराव्यात असेही कोणी म्हणणार नाही. पण औषधी वनस्पतींची विद्या या प्रदेशात उर्दू अक्षरांत लिहिली गेली, शिकली गेली, छापली गेली, ही गोष्ट निर्विवाद आहे. दुसरीकडे जत्रेत हळद-कुंकवाची दुकाने लावणारे अत्तार बहुधा मुसलमान असत. सुवासिनीच्या कपाळाचे कुंकू हे हळदीला चुन्यासारखे क्षार लावून तयार होते आणि ते विकत घेतले जाई अत्ताराकडून. आपल्याकडील लग्नातही हळदीची रस्म आहे, मांजे आहेत, नवरीचे पिवळे कपडे आहेत. एका मुळीने सगळ्यांचे हात पिवळे केले.

(विद्यार्थ्यांसाठी एक सोपा प्रयोग : पांढऱ्या कपड्यावरील हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. कारण साबण अल्कधर्मी असतो आणि कुरकुमिन अल्कात रंग बदलते. कुंकवाचे रहस्य तेच आहे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला टीपकागद हा घरच्या घरी तयार होणारा दर्शक कागद होय.)

आता मूळ गोष्टीकडे वळू.

२८ मार्च १९९५ रोजी अमेरिकेच्या पेटंट कचेरीने ५४०१५०४ या क्रमांकाचे एक पेटंट मंजूर केले. विषय होता जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग. ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले आणि संशोधक म्हणून ज्या दोघांची नावे होती ते दोघेही भारतीय वंशाचे होते. पेटंट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. एखाद्याने नवीन शोध लावला, तर ठराविक वर्षे तो शोध त्याच्या परवानगीवाचून दुसऱ्या कोणी वापरू किंवा विकू नये, असा सरकारने दिलेला हक्क. शोध नवीन असला पाहिजे ही त्याची पहिली अट. या पेटंटाने अमेरिकेपुरता असा हक्क दिला की, हळदीची पूड पोटात घेऊन किंवा वरून लावून जखम बरी करणे हा या मंडळींचा शोध समजावा.

आपल्याला हसू येईल. हिंगोलीत चार वर्षांचे मूल पडले आणि गुडघा फुटला तर शेजारीण काय घेऊन धावते? पण तेथील कायद्याची मेख अशी होती. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे एखादी गोष्ट अमेरिकेत लोकांना माहीत असेल किंवा वापरात असेल तर ती जुनी समजली जाई. अमेरिकेबाहेर ती नुसती वापरात असून भागत नसे. ती कोठेतरी छापलेली असली पाहिजे. म्हणजे आपल्या दहा कोटी आजींनी हळद लावली तरी त्यांची साक्ष चालणार नव्हती. साक्ष चालणार होती ती छापील पानाची.

त्या वेळी दिल्लीच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. माशेलकर हे गोव्यातील माशेल गावचे, मुंबईत अत्यंत गरिबीत वाढलेले, आईच्या कष्टांवर शिकलेले मराठी शास्त्रज्ञ. परिषदेने २८ ऑक्टोबर १९९६ रोजी अमेरिकेच्या कचेरीत अर्ज करून या पेटंटाची फेरतपासणी मागितली. नुसती तक्रार करून भागणार नव्हते, पुरावे जोडायचे होते. परिषदेच्या माणसांनी ग्रंथालये धुंडाळली आणि ३२ संदर्भ गोळा केले. ते संस्कृत, उर्दू आणि हिंदी भाषांतले होते, त्यांतले काही शंभर वर्षांहून जुने होते. त्यांत भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली इंग्रजीत छापून आलेला एक निबंधही होता. सगळ्यांची भाषांतरे करून अमेरिकेला पाठवण्यात आली.

पेटंटवाल्यांनी युक्तिवाद केले. पूड वेगळी आणि लेप वेगळा, असा काथ्याकूटही झाला. परंतु कागद बोलत होते. १९९७ मध्ये कचेरीने पेटंटातील सगळे दावे नामंजूर केले, कारण त्यांत नवीन काही नव्हते. आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये शेवटचे प्रमाणपत्र काढून हे प्रकरण मिटले. एखाद्या विकसनशील देशाने आपल्या परंपरागत ज्ञानाच्या आधारे अमेरिकेचे पेटंट रद्द करून घेतल्याचे हे पहिलेच उदाहरण म्हणून सांगितले जाते. ‘हळदीघाटीची लढाई’ असेही नाव त्याला पडले. नाव चटकदार आहे. पण ही लढाई तलवारीने नव्हे, तर कोणा अनाम कातिबाने शिळाछापाच्या दगडासाठी बोरूने लिहिलेल्या ओळींनी जिंकली गेली, हे विसरता कामा नये. जुनी उर्दू पुस्तके बहुधा शिळाछापाचीच असत. आठ आण्यांचे ते पुस्तक लिहिताना त्या कातिबाला आपण वॉशिंग्टनच्या कचेरीसाठी साक्ष लिहून ठेवतो आहोत, हे स्वप्नातही आले नसेल.

या अनुभवाने सरकारला एक गोष्ट उमगली. दरवेळी असा अर्ज करून, वकील लावून, पोथ्या शोधून लढणे परवडणारे नाही. म्हणून २००१ साली ‘पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालय’ या प्रकल्पाचे काम सुरू झाले. आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध या पद्धतींच्या ग्रंथांतील एकेक नुसखा घ्यायचा आणि संगणकात अशा रीतीने नोंदवायचा की तो इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी या पाच भाषांत वाचता यावा. २००९ साली युरोपच्या पेटंट कचेरीशी करार झाला आणि तेथील तपासनीस पेटंट देण्याआधी हे ग्रंथालय चाळू लागले. पुढे इतर देशांच्या कचेऱ्याही आल्या. या कामाला संस्कृत आणि तमिळ जाणणारे जितके लागले तितकेच अरबी, फारसी आणि उर्दू जाणणारेही लागले. युनानी पदवी घेऊन बसलेल्या, आता आपले कसे होणार म्हणून चिंता करणाऱ्या कितीतरी तरुणांना आपली जुनी भाषा अशा ठिकाणी उपयोगी पडेल असे वाटले नसेल. उर्दू शिकून काय मिळते, असा प्रश्न आपल्या घराघरांत विचारला जातो. पोट भरण्याच्या दृष्टीने तो प्रश्न रास्तच आहे, मी तो खोडून काढणार नाही. पण त्या प्रश्नाच्या उत्तरात हळदीच्या खटल्याचाही हिशेब धरायला हवा.

येथे एक सावधगिरीही नोंदवली पाहिजे. पेटंट रद्द झाले याचा अर्थ हळद सर्व रोगांवर औषध आहे असे अमेरिकेने कबूल केले, असा मुळीच नाही. कचेरीने एवढेच म्हटले की, ही समजूत जुनी आहे. समजूत जुनी असणे आणि ती खरी ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भाषणांतून त्यांची सरमिसळ फार होते. शास्त्राने काय शोधले ते पाहा. कुरकुमिन प्रथम वेगळे काढले ते १८१५ साली व्होगेल आणि पेल्तिए या फ्रान्समधील दोघांनी. त्याची रासायनिक रचना १९१० साली ठरली. ते काही जंतूंची वाढ रोखते हे १९४९ साली दाखवण्यात आले. म्हणजे आजीच्या हाताला अर्थ होता. पण पोटात घेतलेले कुरकुमिन रक्तात फारच थोडे उतरते. १९९८ साली बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी दाखवले की, सोबत मिऱ्यातील पिपेरीन दिले तर माणसात त्याचे शोषण वीसपटीने वाढते. दुधात हळद आणि वर मिरीपूड टाकण्याची चाल आपल्याकडे कोठे कोठे आहे, तिची येथे आठवण होते. मात्र हाच गुण उलटूही शकतो. २०१९ साली इटलीत हळदीच्या तीव्र गोळ्या घेणाऱ्या अनेकांच्या यकृताला सूज आल्याचे आढळले आणि तेथील सरकारला इशारा द्यावा लागला. कालवणातील चिमूटभर हळद आणि बाटलीतील गोळी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही आपली म्हण उतावळ्यांची थट्टा करते, तिचा रोख आज त्या गोळ्यांच्या जाहिरातींकडे वळवायला हरकत नाही. आणि जखम खोल असेल, वाहत असेल किंवा रोग्याला मधुमेह असेल, तर हळदीचा डबा मिटून डॉक्टरकडे जावे, हे माता-भगिनींना वेगळे सांगायला नकोच.

पेय म्हणून हळद पिण्याची चाल आपल्यापुरतीच नाही. जपानच्या ओकिनावा बेटावर हळदीचा चहा पिढ्यान्‌पिढ्या पितात. जगातील सर्वांत जास्त मुसलमान ज्या देशात राहतात त्या इंडोनेशियात हळद आणि चिंच उकळून केलेले पेय बाया टोपलीत बाटल्या घालून दारोदार विकतात. अशा औषधी पेयांना तेथे ‘जामू’ म्हणतात आणि डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने जामूच्या परंपरेला मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. आपल्याकडे २०२० साली करोनाच्या दिवसांत आयुष मंत्रालयाने दीडशे मिलिलिटर गरम दुधात अर्धा चमचा हळद घालून घेण्याचा सल्ला दिला, तेव्हा घरोघर हळदीचा खप वाढला. त्याने रोग बरा होतो असे सिद्ध झाले नव्हते, मंत्रालयानेही तसे म्हटले नव्हते. पण शेजारपाजारच्या चर्चेत तेवढा बारकावा कोण ठेवतो?

असो. आपण हिंगोलीला परत येऊ.

आजच्या तरुणांना वाटते की हिंगोली ही पूर्वीपासून हळदीचीच. तसे नाही. महाराष्ट्रात हळद म्हटले की पूर्वी सांगलीचे नाव येई, साताऱ्याकडे वाईचे येई. सांगलीजवळ हरिपूरला कृष्णाकाठी जमिनीत खोल पेवे होती आणि व्यापारी त्यांत हळद वर्षानुवर्षे साठवीत. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ नष्ट झाली. आपल्या भागाची ओळख ज्वारी-कापसाची. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली, कालव्याचे पाणी वसमतच्या रानात आले आणि बागायत सुरू झाली. पुढे २०१० च्या सुमारास हळदीचा भाव अभूतपूर्व चढला, तेव्हा हळदीकडे वळणाऱ्यांची रीघ लागली. लगेच दोन वर्षांत भाव असा कोसळला की काहींनी तोंडात मारून घेतली. तरीही पीक टिकले. गादीवाफा आला, ठिबक आले, लोखंडी कढईच्या जागी वाफेवर शिजवणारे कुकर आले, काढणीची यंत्रे आली. सेलम ही जात पसरली. २०२३ च्या पावसाळ्यात भाव पुन्हा उसळला, तेव्हा माल राखून ठेवणाऱ्यांची चांदी झाली. ज्यांनी मुलीच्या लग्नासाठी किंवा मुलाच्या फीसाठी मार्चमध्येच विकून टाकला होता, त्यांना हळहळण्यावाचून काही उरले नाही.

हळदीचे पैसे सोपे नसतात, हे यार्डात पिवळा ढीग पाहणाऱ्याला कळत नाही. आठ-नऊ महिने पीक जमिनीत. मग पाला कापणे, खणणे, गड्डे आणि हळकुंडे वेगळी करणे, शिजवणे, पंधरा दिवस वाळवणे, ढोलात फिरवून पॉलिश करणे. पाच क्विंटल ओली हळद वाळून सुमारे एक क्विंटल भरते. वाळत घातली असताना अवकाळी पाऊस आला तर रात्रीतून सगळ्या घराने ताडपत्री ओढायची. परीक्षेच्या दिवसांतच हा हंगाम येतो. शेतकऱ्यांच्या आणि हळद वेचणाऱ्या मजुरांच्या मुलांची हजेरी या दिवसांत का घटते, हे शिक्षकांनी रागावण्याआधी पाहावे.

देशात २०२२-२३ साली सुमारे सव्वातीन लाख हेक्टरांवर हळद होती आणि साडेअकरा लाख टनांहून अधिक उत्पादन झाले. जगातील हळदीपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त भारत पिकवतो. महाराष्ट्र आज या पिकात अग्रभागी आहे, आणि महाराष्ट्रात हिंगोली. २०२२ साली वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळ स्थापन झाले, त्याचे मुख्यालय मात्र निजामाबादला गेले. १९५६ पर्यंत हिंगोली आणि निजामाबाद एकाच राज्यात होती, आता ती दोन राज्यांतली दोन प्रतिस्पर्धी पेठा आहेत.

या सगळ्यात कागदाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना २०२४ सालची. त्या वर्षी ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. वर्ध्याच्या वायगाव हळदीला ते २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीला २०१८ साली मिळाले होते. या मानांकनाचा अर्थ असा की, ठराविक प्रदेशात पिकलेल्या हळदीलाच ते नाव लावता येते. हे नाव मिळवण्यासाठीही तोंडी सांगणे चालत नाही. नकाशा लागतो, मातीची-मालाची तपासणी लागते आणि त्या प्रदेशाचा मालाशी जुना संबंध आहे हे दाखवणारी कागदपत्रे लागतात. जिल्ह्याच्या हळदीविषयी जुने लिखाण कोठे मिळते हे शोधायला बसले की घराघरांतील ट्रंका आठवतात. आपल्या समाजात कितीतरी घरी आजोबा-पणजोबांच्या वह्या आहेत. हकीम मंडळी नुसखे लिहून ठेवीत त्या वहीला ‘बयाज़’ म्हणत. दुकानांच्या चोपड्या आहेत, शेताच्या वहिवाटीचे उर्दू-मोडी कागद आहेत. घर बांधायला काढले की पहिली रद्दीत जातात ती हीच. नातवाला ती अक्षरे लागत नाहीत म्हणून त्यांत काय आहे हे विचारायलाही कोणी थांबत नाही. ज्यांच्याकडे अशी बयाज़ असेल आणि ती वाचणारे माणूस घरात अजून असेल, त्यांनी या सुट्टीत मुलांना शेजारी बसवून ती वाचून घ्यावी आणि देवनागरीत उतरवून ठेवावी. ज़र्दचोबचा नुसखा तीत निघाला तर पानाचा फोटोही काढून ठेवावा.

आणि जे हळद पिकवतात त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. मानांकन जिल्ह्याला मिळाले म्हणजे ते प्रत्येक शेतकऱ्याला आपोआप मिळाले, असे नाही. कायद्याप्रमाणे ज्याला आपल्या मालावर ते नाव लावायचे आहे त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली स्वतंत्र नोंद करावी लागते. अर्ज चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कचेरीकडे जातो. मानांकनाची नोंद दहा वर्षांसाठी असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. अर्ज छापील आहे, इंग्रजीत आहे आणि शेतकऱ्याचे नाव, पत्ता नि सही मागतो. घरातील दहावी-बारावीच्या मुलाला किंवा मुलीला तो एका संध्याकाळी भरता येईल.